एचआयव्ही आणि आपली जनुके: उपचार सुरू करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ज्यांच्या हाती एचआयव्हीचा अहवाल नुकताच आला आहे अशा व्यक्तींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि पुणे-पिंपरी परिसरातील एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांत नव्याने रुजू झालेल्या समुपदेशकांसाठी हा लेख आहे. जनुकांमुळे हा आजार कोणाला लवकर आणि कोणाला उशिरा गाठतो, एखादे औषध एकाला मानवते आणि दुसऱ्याला का मानवत नाही, हे प्रश्न आता सर्रास विचारले जातात. त्यात घरपोच किट पाठवून जनुकीय तपासणी करून देणाऱ्या जाहिरातींची भर पडली आहे. जनुकांचा प्रभाव खरा आहे आणि काही ठिकाणी तो जिवावर बेतण्याइतका मोठाही आहे. मात्र ही ठिकाणे मोजकी आहेत. ती कोणती, आणि तिथे नेमके काय करायचे, एवढेच पुढे क्रमाने सांगितले आहे.

पायरी १: कोणाची जनुके, हे आधी वेगळे करा

एचआयव्हीच्या संदर्भात ‘जनुकीय तपासणी’ असे म्हटले की दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येऊ शकतात, आणि नव्याने शिकणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. एक तपासणी विषाणूच्या जनुकांची असते. औषधे चालू असूनही व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंची संख्या) वाढलेला राहिला, तर विषाणूने औषधांना दाद न देण्याजोगे बदल स्वतःत घडवले आहेत का, हे तीत पाहतात. अहवालात एम१८४व्ही, के६५आर, के१०३एन अशा खुणा दिसल्या, तर ते विषाणूतले बदल आहेत असे समजावे. तपासणीसाठी रक्तात विषाणू पुरेशा संख्येने असावे लागतात, म्हणून व्हायरल लोड दबलेला असताना ती सहसा करता येत नाही. विषाणू बदलत राहतो, त्यामुळे निष्कर्षही काळानुसार बदलू शकतो.

दुसरी तपासणी माणसाच्या स्वतःच्या जनुकांची असते. ती रक्तावर किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते, व्हायरल लोड कितीही असला तरी करता येते आणि तिचा निकाल जन्मभर तोच राहतो. अहवालात ‘एचएलए-बी*५७:०१ आढळले’ किंवा ‘सीवायपी२बी६ *६/*६’ अशा नोंदी दिसतात. या लेखाचा विषय ही दुसरी तपासणी आहे. समुपदेशकांनी कोणताही अहवाल हाती आला की, हा विषाणूचा आहे की व्यक्तीचा, हे सर्वांत आधी पाहावे. कारण पहिल्या अहवालावरून औषधांची संपूर्ण फळी (एकत्र दिल्या जाणाऱ्या औषधांचा संच) बदलली जाऊ शकते, तर दुसऱ्यावरून बहुधा एखादेच औषध टाळावे लागते.

पायरी २: औषधाविना आजार कसा पुढे सरकतो, ते समजून घ्या

उपचार न घेतल्यास संसर्गापासून एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचायला सरासरी आठ ते दहा वर्षे लागतात. ही केवळ सरासरी आहे. काहींची सीडी४ संख्या (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या संरक्षक पांढऱ्या पेशींची संख्या) दोन-तीन वर्षांतच घसरते, तर काहींना दहा वर्षांनंतरही विशेष त्रास होत नाही. शंभरात एकाहूनही कमी व्यक्ती अशा असतात की, औषधे न घेताही त्यांच्या रक्तातील विषाणूंची संख्या नेहमीच्या तपासणीत सापडू नये इतकी कमी राहते. त्यांना ‘एलिट कंट्रोलर’ म्हणतात. संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे ओसरले की व्हायरल लोड एका पातळीवर स्थिरावतो. ही पातळी जितकी वरची, तितका आजार वेगाने पुढे जातो.

पातळी कोणामध्ये कुठे स्थिरावेल, यातील फरकाचा सुमारे चतुर्थांश भाग माणसाच्या जनुकांवरून समजावता येतो, असे मोठ्या जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे. उरलेल्या भागात विषाणूच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा लक्षणीय आहे, आणि शिवाय वय, इतर आजार व परिस्थिती आहेतच. ‘आमच्या घराण्यातच प्रतिकारशक्ती चांगली आहे’ असे सांगणाऱ्यांना हे आवर्जून समजावून सांगावे. सर्दी-खोकला कमी होणे आणि एचआयव्हीला रोखून धरणे यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पायरी ३: वेग ठरवणारी दोन मुख्य जनुकस्थाने ओळखा

पहिले सीसीआर५. एचआयव्हीला सीडी४ पेशीत शिरायला सीडी४ या रेणूबरोबर आणखी एका रेणूचा आधार लागतो आणि बहुतेक वेळा तो सीसीआर५ असतो. या जनुकातील डीएनएच्या ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असेल (त्याला डेल्टा३२ म्हणतात), तर हा रेणू पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतच नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही असे गळालेले जनुक मिळालेल्या व्यक्तींना एचआयव्हीच्या नेहमीच्या प्रकारांची लागण सहसा होत नाही, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. एकाकडूनच मिळाले असेल तर लागण होते, पण आजार काहीसा सावकाश वाढतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत दोन्ही प्रती गळालेल्या व्यक्ती शंभरात साधारण एक आढळते. भारतीयांमध्ये हा बदल फार विरळ आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील कोणी स्वतःला ‘नैसर्गिकरीत्या सुरक्षित’ मानून कंडोम किंवा प्रेप (संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायचे औषध) टाळत असेल, तर त्याला काहीही आधार नाही.

रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये बर्लिनमध्ये मूळपेशी प्रत्यारोपण झालेले टिमोथी रे ब्राउन यांना डेल्टा३२ च्या दोन्ही प्रती असलेला दाता मिळाला होता, आणि पुढे त्यांच्या शरीरात एचआयव्ही सापडला नाही. ही हकिगत खरी आहे. पण तो उपचार कर्करोगासाठी होता, त्यात मृत्यूचा धोका मोठा असतो आणि एचआयव्हीसाठी तो कोणालाही सुचवला जात नाही. शिवाय काही विषाणू सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ या दुसऱ्या रेणूमार्फत शिरतात. अशाच दात्याकडून प्रत्यारोपण झालेल्या दुसऱ्या एका रुग्णात याच वाटेने विषाणू परतला होता. २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर५ अडवते, आणि म्हणूनच ते देण्यापूर्वी त्या रुग्णातील विषाणू कोणत्या वाटेने शिरतो, हे तपासावे लागते.

दुसरे आणि आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे स्थान म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा समूह. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडण्याचे काम एचएलए रेणू करतात. हे तुकडे विषाणूचे आहेत असे मारक टी पेशींना ओळखू आले, की त्या ती पेशी नष्ट करतात. एचएलए-ए, बी आणि सी या प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती आपल्याला मिळतात आणि त्यांचे प्रकार माणसामाणसांत कमालीचे वेगळे असतात. ज्यांच्या दोन्ही प्रती सारख्याच असतात, त्यांच्यात आजार तुलनेने वेगाने वाढतो. कारण मांडता येणाऱ्या तुकड्यांची विविधताच कमी पडते.

आजार सावकाश वाढण्याशी सर्वांत ठळक संबंध एचएलए-बी*५७ आणि एचएलए-बी*२७ या प्रकारांचा आहे, तर एचएलए-बी*३५ च्या काही उपप्रकारांचा संबंध आजार वेगाने वाढण्याशी आहे. बी*५७ हा विषाणूच्या गॅग नावाच्या प्रथिनाचे असे तुकडे मांडतो, की त्यांत बदल करणे विषाणूला महागात पडते. प्रतिकारशक्तीची नजर चुकवण्यासाठी विषाणू गॅगमधील २४२ व्या जागी बदल करून घेतो, पण त्यामुळे त्याची स्वतःची वाढही मंदावते. म्हणजे विषाणू निसटला तरी अशक्त होऊन निसटतो. मला या सगळ्या विषयातील हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तर हा फरक एचएलए-बी रेणूच्या, हे तुकडे धरून ठेवणाऱ्या खोबणीतील मोजक्या अमिनो आम्लांपर्यंत नेऊन दाखवला गेला.

इथे एक व्यावहारिक सूचना आहे. पाठ आणि कंबर सकाळी आखडण्याच्या तक्रारीसाठी संधिवाताचे किंवा हाडांचे डॉक्टर एचएलए-बी२७ ची तपासणी सांगतात, आणि पुण्यात ती अनेकांनी करून घेतलेली असते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली असेल, तर एचआयव्ही सावकाश वाढेल असा निष्कर्ष काढून औषधे लांबणीवर टाकू नयेत. हा संबंध मोठ्या समूहांत दिसतो. एका व्यक्तीचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही.

पायरी ४: या माहितीवरून उपचार कधी सुरू करायचे, हे ठरवू नका

एकेकाळी ‘सावकाश वाढणारा आजार’ ही माहिती उपचार पुढे ढकलण्यासाठी उपयोगी ठरू शकली असती. आता तसे राहिलेले नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट या अभ्यासात, सीडी४ चांगली असतानाच उपचार सुरू करणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचे प्रमाण, उपचार पुढे ढकलणाऱ्यांच्या तुलनेत ५७ टक्क्यांनी कमी आढळले. भारताने २०१७ मध्ये सीडी४ कितीही असली तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. एलिट कंट्रोलर व्यक्तींच्या शरीरातही दाह आणि प्रतिकारयंत्रणेची धावपळ चालूच असते, असे आढळले आहे. त्यामुळे त्यांच्याबाबतही निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

उपचाराचा दुसरा लाभ जोडीदाराला होतो. दोघांपैकी एकालाच एचआयव्ही आहे अशा १,७६३ जोडप्यांच्या नऊ देशांतील एचपीटीएन ०५२ या अभ्यासात, लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराकडे होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पुणे हे त्या अभ्यासाचे एक केंद्र होते. भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या, त्या वेळच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा त्यात सहभाग होता. जनुके कोणतीही असोत, हा लाभ गोळी रोज घेतल्यानेच मिळतो.

पायरी ५: आपण घेत असलेल्या औषधांची नावे लिहून काढा

ही पायरी साधी आहे, पण अनेकजण ती वगळतात. ‘सकाळची पांढरी गोळी’ एवढी माहिती पुरत नाही. एआरटी केंद्रातून मिळालेल्या रुग्णपुस्तिकेतून आणि डबीवरील लेबलवरून प्रत्येक घटक औषधाचे नाव लिहून घ्यावे, कारण एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात. राष्ट्रीय कार्यक्रमात बहुतेक प्रौढांना आज टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी एकच गोळी रोज दिली जाते, जिला सगळे टीएलडी म्हणतात. यादी तयार झाली की जनुकांचा प्रश्न कुठे लागू होतो, हे लगेच दिसते. टीएलडी घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना कोणतीही जनुकीय तपासणी करण्याची गरज पडत नाही.

पायरी ६: यादीत अबॅकाव्हिर असेल किंवा सुचवले गेले असेल, तर थांबून चौकशी करा

अबॅकाव्हिर हे औषध मुलांच्या उपचारात, तसेच मूत्रपिंडाच्या तक्रारींमुळे टेनोफोव्हिर देता येत नाही अशा प्रौढांमध्ये वापरले जाते. ते चांगले औषध आहे. पण सरसकट दिल्यास साधारण ५ ते ८ टक्के लोकांमध्ये त्याची तीव्र प्रतिक्रिया येत असे. ही प्रतिक्रिया एचएलए-बी*५७:०१ या प्रकाराशी जोडलेली आहे, हे २००२ मध्ये दाखवले गेले. म्हणजे जो प्रकार एचआयव्हीला रोखण्यात सर्वांत सरस ठरतो, त्याच कुळातील हा उपप्रकार या एका औषधाबाबत घातक ठरतो. कारणही त्याच खोबणीत आहे: अबॅकाव्हिरचा रेणू या एचएलए रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो, त्यामुळे तिथे नेहमीपेक्षा वेगळे प्रथिनांचे तुकडे मांडले जातात, आणि टी पेशी स्वतःच्याच शरीराला परके समजून हल्ला करतात.

१९ देशांतील १,९५६ रुग्णांवरील आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेडिक्ट-१ या अभ्यासात अर्ध्या रुग्णांची आधी जनुकीय तपासणी केली गेली, आणि बी*५७:०१ असणाऱ्यांना अबॅकाव्हिर दिले गेले नाही. त्या गटात त्वचेवरील चाचणीने खात्री झालेली एकही प्रतिक्रिया आढळली नाही. तपासणी न करता औषध दिलेल्या गटात मात्र हे प्रमाण २.७ टक्के होते. संपूर्ण औषधशास्त्रात जनुकीय तपासणीचा इतका स्वच्छ लाभ दाखवणारी उदाहरणे थोडीच आहेत.

तपासणीचा निकाल कसा वाचावा, हे नीट समजून घ्यावे. बी*५७:०१ आढळले, तर अबॅकाव्हिर कधीही घेऊ नये आणि सर्व कागदपत्रांवर त्याची नोंद ‘ॲलर्जी’ म्हणून करून घ्यावी. हा प्रकार असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनाच प्रतिक्रिया येते, हे खरे. पण आपण कोणत्या निम्म्यात आहोत, हे औषध घेऊन पाहण्याचा प्रयोग कोणी करू नये. तो प्रकार आढळला नाही, तर खरी प्रतिक्रिया येण्याची शक्यता अत्यंत कमी असते. तरीही लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

भारतातील काही समाजगटांत बी*५७:०१ चे प्रमाण युरोपीय लोकांइतके किंवा त्याहूनही अधिक आढळले आहे. आपल्याकडे लग्ने पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक समाजातच होत आल्यामुळे एका समाजातील प्रमाण दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून ‘हे पाश्चात्त्यांचे जनुक आहे, आपल्याला काय त्याचे’ हे म्हणणे चुकीचे आहे. खासगी प्रयोगशाळांतून ही तपासणी करता येते. जिथे ती उपलब्ध नाही, तिथे पहिल्या सहा आठवड्यांत लक्षणांवर बारीक नजर ठेवणे हाच मार्ग उरतो.

ती लक्षणे अशी: ताप, अंगावर पुरळ, मळमळ-उलटी किंवा पोटदुखी, कमालीचा थकवा, खोकला किंवा धाप. यांपैकी दोन किंवा अधिक प्रकारच्या तक्रारी एकदम सुरू झाल्या आणि प्रत्येक डोसनंतर वाढत गेल्या, तर त्या अंगावर काढू नयेत; पुढचा डोस घेण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, या कारणासाठी एकदा बंद केलेले अबॅकाव्हिर पुन्हा कधीही सुरू करू नये. कारण दुसऱ्या वेळी काही तासांतच रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. अबॅकाव्हिर हे लॅमिव्ह्युडिनबरोबर किंवा डोल्युटेग्राव्हिरबरोबर एकाच गोळीतही मिळते, त्यामुळे वेगळ्या नावाच्या गोळीतून ते परत पोटात जाऊ शकते. पाचव्या पायरीतील यादी इथे उपयोगी पडते.

मुलांच्या बाबतीत एक जादा प्रश्न विचारावा. आई किंवा वडिलांमध्ये बी*५७:०१ ची एक प्रत असेल, तर ती मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला अबॅकाव्हिरची प्रतिक्रिया आलेली असल्यास ते मुलाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.

पायरी ७: एफाविरेंझ घेत असाल, तर डोक्याच्या तक्रारी सांगा

२०२० नंतर राष्ट्रीय कार्यक्रमातील बहुतेक रुग्ण एफाविरेंझ या एचआयव्हीच्या जुन्या औषधावरून डोल्युटेग्राव्हिरवर आले. तरी काहीजण अजूनही एफाविरेंझ घेतात, आणि पूर्वी ते घेतलेल्यांची संख्या मोठी आहे. यकृतातील सीवायपी२बी६ हे विकर एफाविरेंझचा निचरा करते. त्याच्या जनुकात ५१६ व्या जागी जी ऐवजी टी हा बदल दोन्ही प्रतींत असेल, तर निचरा मंदावतो आणि नेहमीच्या ६०० मिलिग्रॅमच्या डोसवर रक्तातील औषधाची पातळी बरीच वर जाते. हा बदल भारतीयांमध्ये दुर्मीळ नाही. अशा व्यक्तींना चक्कर येणे, भयानक स्वप्ने पडणे, झोप उडणे, उदास वाटणे असे त्रास अधिक होऊ शकतात. ‘औषध उष्ण पडते आहे’ असे सांगून रुग्ण गप्प बसतात किंवा स्वतःच एक दिवसाआड गोळी घेऊ लागतात, हे समुपदेशकाने हेरायला हवे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मंद निचरा असणाऱ्यांसाठी डोस ४०० किंवा २०० मिलिग्रॅमपर्यंत कमी करण्याचा विचार सुचवला आहे. मात्र हा बदल डॉक्टरांनीच करायचा असतो, आणि आज बहुधा औषधच बदलले जाते.

मंद निचऱ्याचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. सगळी औषधे एकाच दिवशी बंद केली, तर इतर औषधे लवकर संपतात आणि एफाविरेंझ मात्र रक्तात अनेक दिवस एकटेच रेंगाळते. एकट्या औषधासमोर विषाणूला प्रतिरोध विकसित करायला आयती संधी मिळते. गावी जत्रेला किंवा लग्नाला जाताना डबी घरी राहिली, अशा वेळीही हेच घडते.

वजनाबाबतही इथेच सांगायला हवे. एफाविरेंझवरून डोल्युटेग्राव्हिरवर आल्यानंतर अनेकांचे वजन वाढते, आणि दोष नव्या औषधाला दिला जातो. मंद निचरा असणाऱ्यांमध्ये एफाविरेंझच वजन वाढू देत नव्हते, असे जनुकीय विश्लेषणांतून पुढे आले आहे. म्हणजे वाढीचा काही भाग जुन्या औषधाचा दाब उठल्यामुळे आहे. त्यासाठी नवे औषध सोडून देणे मात्र धोक्याचे आहे.

पायरी ८: डोळे पिवळे झाले, तर काविळीचे गावठी औषध घेण्याआधी अहवाल पाहा

पहिली औषधे निकामी ठरल्यावर दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या फळीत ॲटाझानाव्हिर आणि रिटोनाव्हिर दिले जाते. ॲटाझानाव्हिर हे यूजीटी१ए१ या विकराला अडवते, आणि हेच विकर बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचा निचरा करते. ज्यांच्यात या जनुकाचा *२८ हा मंद प्रकार दोन्ही प्रतींत असतो, त्यांचे डोळे पिवळे दिसण्याची शक्यता जास्त असते. गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात तो याच बदलाशी संबंधित आहे. रक्ततपासणीत फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले असून यकृताची एएलटी आणि एएसटी ही विकरे नेहमीच्या मर्यादेत असतील, तर यकृताला इजा झालेली नसते. तरीही निर्णय डॉक्टरांवर सोपवावा, कारण हिपॅटायटिसही सोबत असू शकतो. झाडपाल्याचे औषध मात्र घेऊ नये. त्यातील काही पदार्थ स्वतःच यकृत बिघडवतात. चारचौघांत पिवळे डोळे दिसण्याचा संकोच वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. औषध बदलण्यासाठी ते पुरेसे कारण आहे, आणि लाजेपोटी गोळ्या टाळण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

पायरी ९: क्षयरोग आणि इतर संसर्गांच्या औषधांचाही हिशोब करा

क्षयरोगाची औषधे सोबत असतील, तर जनुकांपेक्षा औषधांचा आपसातील परिणाम मोठा ठरतो. त्यांपैकी रिफाम्पिसिन हे डोल्युटेग्राव्हिरची रक्तातील पातळी खाली आणते, म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी दिली जाते. ती चुकवू नये. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्तावरील औषधे डोल्युटेग्राव्हिरच्या सोबत घेऊ नयेत. त्यांच्यात किती अंतर ठेवायचे, हे औषध घेताना विचारून घ्यावे.

आयसोनियाझिड या क्षयरोगावरील औषधाचा निचरा एनएटी२ या जनुकावर अवलंबून असतो. भारतीयांपैकी जवळपास निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांमध्ये हा निचरा मंद असतो. त्यांना हातापायांना मुंग्या येणे आणि यकृताला त्रास होणे, यांचा धोका अधिक असतो; म्हणून सोबत बी६ जीवनसत्त्व दिले जाते. त्यासाठी जनुकीय तपासणी लागत नाही. भूक मंदावणे, मळमळ, गडद लघवी यांकडे लक्ष ठेवले आणि ते वेळेत कळवले, तर काम भागते.

सल्फाची ॲलर्जी असल्यास इतर संसर्ग टाळण्यासाठीच्या कोट्रायमॉक्साझोल या सल्फा औषधाऐवजी डॅप्सोन दिले जाते. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या व्यक्तींत डॅप्सोनमुळे लाल पेशी फुटतात. ही कमतरता आनुवंशिक आहे, पुरुषांत अधिक दिसते आणि तिची साधी रक्ततपासणी पुण्यात सहज होते. माझ्या मते या साऱ्या यादीत, आपल्याकडे सर्वांत स्वस्तात आणि सर्वांत व्यवहार्य ठरणारी आनुवंशिक तपासणी हीच आहे. आणि नेमकी तीच विचारायची राहून जाते.

टीएलडी घेणाऱ्यांना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे, हे दाखवणारा रक्तातील आकडा) किंचित वाढलेले दिसते, त्याची धास्ती वाटते. डोल्युटेग्राव्हिर हे मूत्रपिंडातील क्रिएटिनिन बाहेर टाकणाऱ्या एका वाहकाला अडवते, त्यामुळे मूत्रपिंडाला इजा न होताही हा आकडा थोडा वाढतो. टेनोफोव्हिरमुळे होणारी खरी इजा वेगळी असते. ती कोणाला होईल, हे आधी सांगणाऱ्या जनुकांबाबतचे पुरावे अजून एकसारखे नाहीत. म्हणून ठरलेल्या वेळी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करणे हेच योग्य.

पायरी १०: जनुकांवरील बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा

किती लोकांवर अभ्यास झाला, कोणत्या लोकांवर झाला, आणि दुसऱ्यांनी तो पुन्हा करून तेच पाहिले का? सीसीएल३एल१ या जनुकाच्या प्रतींच्या संख्येवरून आजाराचा वेग ठरतो, असा निष्कर्ष २००५ मध्ये गाजला होता. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व २०२३ मध्ये दिसले: आफ्रिकी वंशाच्या सुमारे ४,००० लोकांच्या अभ्यासात सीएचडी१एल या जनुकाजवळचा, व्हायरल लोड कमी ठेवणारा बदल सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांवरील आधीच्या मोठ्या अभ्यासांना तो दिसूच शकला नव्हता, कारण त्यांच्यात तो जवळजवळ नाही. भारतात एचआयव्हीचा सी हा उपप्रकार प्रामुख्याने आढळतो आणि आपल्या लोकसंख्येतील एचएलएची विविधता प्रचंड आहे. त्यामुळे परदेशी निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू करताना सावध राहावे.

पायरी ११: नमुना देण्यापूर्वी कागद वाचा

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्यानुसार एचआयव्हीची तपासणी, उपचार आणि संशोधन यांसाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे, आणि आपली स्थिती गोपनीय ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे. खासगी प्रयोगशाळेत एचएलए-बी*५७:०१ ची तपासणी करताना अर्जावर कारण लिहिले जाते, आणि ही तपासणी बहुधा एचआयव्हीच्याच उपचारासाठी होत असल्याने नुसत्या नावावरूनही तर्क बांधला जाऊ शकतो. अहवाल कोणत्या पत्त्यावर किंवा कोणत्या फोनवर पाठवायचा, हे आधीच ठरवून सांगावे. एकत्र कुटुंबात आणि सामायिक मोबाइलच्या घरात हे विशेष जपावे. शंका असल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या विनाशुल्क क्रमांकावर विचारता येते.

पुण्यात एचआयव्हीवरील संशोधन अनेक वर्षांपासून चालू असल्याने कधीतरी तुम्हाला अभ्यासात सहभागी होण्याबद्दल विचारले जाऊ शकते. संमतिपत्र मराठीत मागावे आणि ते घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ घ्यावा. आपला जनुकीय नमुना किती वर्षे साठवला जाईल, तो दुसऱ्या अभ्यासासाठी किंवा परदेशात पाठवला जाईल का, मधूनच माघार घेतल्यास नमुन्याचे काय होईल, आणि आपल्या उपचारांवर परिणाम करणारी एखादी गोष्ट सापडली तर ती आपल्याला कळवली जाईल का, हे चार प्रश्न विचारावेत. संशोधनातील वैयक्तिक निकाल अनेकदा सहभागींना दिले जात नाहीत. त्यामुळे बी*५७:०१ ची माहिती हवी असेल, तर अभ्यासाच्या भरवशावर न राहता ती तपासणी उपचाराचा भाग म्हणून डॉक्टरांकडून वेगळी लिहून घ्यावी, आणि तिचा निकाल औषधांच्या यादीसोबतच ठेवावा.